तिसऱ्या फाउलच्या आधी

बाची होडी पाण्यात असेपर्यंत आमच्या घरात आकडा उच्चारायचा नाही, असा दंडक होता. किती दिवस झाले, किती खलाशी गेलेत, किती पाट्या येतील, काही म्हणजे काही विचारायचं नाही. होडी किनाऱ्याला लागली तरी शेवटची पाटी वाळूवर टेकल्याशिवाय बा तोंड उघडत नसे. आकडा ऐकला की मासळी फिरते, असं आय म्हणायची. गावातल्या बाकीच्या घरांत हे कुणी पाळत होतं का, मला माहीत नाही. शेजारच्या बायका तर होडीचं शीड दिसलं की बोटांवर मोजायला लागायच्या. आमच्याकडे मात्र भाकऱ्यासुद्धा मोजून सांगत नसत. आय टोपलीवरचं फडकं उचलून दाखवायची, आणि तेवढ्यावरून मी काय ते समजायचं. आता पन्नाशी उलटल्यावर या सगळ्याचं हसू येतं, पण गॅसवाला किती सिलेंडर म्हणून विचारतो तेव्हा मी अजूनही तोंड न उघडता बोटंच दाखवते.

आमचं घर तारोडीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणापलीकडे बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत टाकलेले असायचे, आणि वारा फिरला की ते एकमेकांवर आपटून सुक्या पानांसारखे वाजायचे. पहाटे चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, बरोबर आदल्या दिवशीचं कालवण, आंबट आणि झणझणीत; ते शिळंच चांगलं लागतं यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं, आणि एकमत होण्यासारखी ती बहुधा एकच गोष्ट होती. मग आय पाटी घेऊन निघायची. आधी बस, मग शेअर रिक्षा, आणि मीरा रोडच्या बाजारात एका इमारतीच्या जिन्याशी तिची ठरलेली जागा. हंगामात ओली मासळी, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सुकं. कॉलेज सकाळचं असल्यामुळे दहा-अकराला मी थेट तिच्याजवळ जायचे. तिच्या शेजारी पाटावर बसून जवळा निवडत असताना डोक्यावरून सतत एक आवाज यायचा. टक्. मग थोडी शांतता. मग पुन्हा टक्. जिन्याच्या वर पहिल्या मजल्यावर सलीमभाईंचं पूल पार्लर होतं.

मी पहिल्यांदा वर गेले ती हात धुवायला. पार्लरच्या दारातच नळ होता आणि आयला त्यातून पाणी भरायची सलीमभाईंनी मुभा दिली होती. दुपारी बारा ते चार वर काळं कुत्रं नसायचं. हिरव्या कापडाची तीन टेबलं, वर लटकणारे दिवे, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले शिगवण काका. काका मूळचे चिपळूणकडचे. लालबागची खोली सोडून मीरा रोडला वन रूम किचन घेऊन राहिले होते. शहरातल्या एका जिमखान्यात त्यांनी जन्मभर मार्करची नोकरी केली होती. मार्कर म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशी उभं राहून गुण पुकारणारा माणूस. साहेब लोकांनी खेळायचं, यांनी पुकारायचं. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून सलीमभाईंकडे दुपारची राखण करायला यायचे. मी रोज धुतलेले हात पुसत पुसत टेबलाकडे बघत उभी राहते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एक दिवस त्यांनी काठी माझ्या हातात दिली. तिला क्यू म्हणतात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हाताला लिंबू चोळून ये, एवढी एकच अट त्यांनी घातली.

काकांनी मला बॉल घालायला शिकवलंच नाही. निदान पहिले चार महिने तरी नाही. आम्ही नाइन-बॉल खेळायचो. टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे बॉल असतात आणि पांढऱ्या बॉलने दर वेळी सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श करावा लागतो. नाही केला तर फाउल. स्पर्श झाला पण त्यानंतर एकही बॉल खिशात गेला नाही की टेबलाच्या कडेच्या कुशनला लागला नाही, तरी फाउल. फाउल झाला की समोरचा खेळाडू पांढरा बॉल हातात उचलतो आणि हवा तिथे ठेवून खेळतो. शेवटी नऊ नंबर जो घालेल त्याने तो डाव, म्हणजे रॅक, जिंकला. आता यात सगळे जण धावतात ते बॉल घालायला. काका म्हणायचे, साहेब लोकही धावायचे आणि तोंडावर पडायचे. ते मला उलट शिकवायचे. पांढरा बॉल असा नेऊन थांबव की समोरच्याला त्याचा बॉल दिसताच कामा नये. दुसऱ्या एखाद्या बॉलच्या आड, कडेला चिकटवून, कोपऱ्यात दाबून. याला सेफ्टी म्हणतात. सरळ मारता येत नाही म्हणून समोरचा कुशनवरून वळवून मारायला जातो, चुकतो, आणि फाउल देऊन बसतो. सलग तीन फाउल झाले तर रॅकच हरतो.

हे मला फार पटकन जमलं, आणि का ते मला ठाऊक आहे. जिन्याखाली आय दुसरं काय करत होती? गिऱ्हाइकाने भाव विचारला की ती भाव सांगायचीच नाही. बोंबलाची जुडी उचलून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, तूच सांग काय देतेस ते. मग गप्प. गिऱ्हाईक कमी बोललं तर त्यालाच लाज वाटायची, जास्त बोललं तर आय लगेच जुडी पिशवीत टाकायची. काहीही बोललं तरी चूक त्याचीच. मी वर टेबलापाशी तेच करत होते. माझ्या हातात ताकद बेताची होती, लांबून बॉल घालताना दहातले सहा चुकायचे, पण पांढरा बॉल वितीच्या अंतरात हव्या त्या जागी थांबवणं मला जवळा निवडण्याइतकं सोपं वाटायचं. संध्याकाळी येणारी कॉलेजची पोरं माझ्याशी खेळली की वैतागायची. ही रडीचा डाव खेळते, म्हणायची. एकाने तर सलीमभाईंकडे तक्रार केली. सलीमभाई म्हणाले, "बेटा, रूल में है तो है." मला रडीचा डाव म्हणणाऱ्यांचा संताप यायचा, आणि तो संताप मी आणखी चांगल्या सेफ्ट्या लावून काढायचे. मी तशीच आहे. कुणी चिडवलं की मी भांडत नाही, चिवट होते.

पावसाळ्यात होड्या वर होत्या तेव्हा काकांनी माझं नाव निवड स्पर्धेत घातलं. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात एकच जागा राहिली होती आणि तिच्यासाठी भाईंदरला सामने होणार होते. ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा बा ओटीवर जाळं सांधत होता. मी वर जाते हे त्याच्या कानावर होतंच, पण त्याने आतापर्यंत न ऐकल्यासारखं केलं होतं. आता ऐकावं लागलं. आयचे गुडघे धरायला लागले होते, कॉलेज त्या वर्षी संपत होतं, आणि नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या की घरात हात कमी पडणार होते. त्याने सुई थांबवली आणि एका दमात सांगितलं, "निवड जाली तर खेल. न्हाय जाली तर पुनवेपास्नं आयसंगती दिवसभर बाजारात बस. मंग ते वर जाणं बंद." बाशी वाद घालण्याची आमच्यात रीत नव्हती. मी मान हलवली. पण त्या दिवसापासून मी रोज चार तास खेळायला लागले, आणि जागा आपलीच आहे असं मनाशी धरून चालले.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट राहून गेली, आणि ती कुणाच्याच ध्यानात आली नाही. तीन फाउलच्या नियमाला एक शेपूट आहे. समोरच्याचे सलग दोन फाउल झाले की त्याने तिसऱ्यांदा खेळण्याआधी त्याला तसं तोंडाने सांगावं लागतं. तुझे दोन फाउल आहेत. नाही सांगितलं तर त्याचा तिसरा फाउल तिसरा धरत नाहीत, दुसराच धरतात. काकांनी हा नियम मला सांगितला होता. मी तो पाठही केला होता. पण सरावात तो कधी मला बोलावा लागलाच नाही, कारण काका स्वतः स्टुलावर बसून पुकारायचे. एक फाउल. दोन फाउल. जन्मभराची सवय, ती सुटणार कशी? आणि माझी जन्मभराची सवय तुम्हाला सांगितलीच आहे. हातात येईपर्यंत आकडा तोंडातून काढायचा नाही. अशा दोन सवयींच्या मध्ये तो नियम आरामात झोपून राहिला.

पहिले दोन सामने मी जिंकले. अंतिम सामना मीरा रोडच्याच हेतलशी होता. हेतल माझ्याच वयाची, उंच, स्वतःची दोन तुकड्यांत जोडायची क्यू, हातात काळा मोजा. तिचे वडील तिला शिकवायचे आणि प्रत्येक सामन्याला खुर्ची पुढे ओढून बसायचे. बॉल घालण्यात ती माझ्या कितीतरी पुढे होती हे मी आजही मोकळेपणाने सांगते. पाच रॅक आधी जिंकेल ती संघात. टेबलाशी पंच नव्हता. आपले फाउल आपणच सांगायचे, वाद झाला तरच हॉलमधल्या पंचांना बोलवायचं. मी तिला दिसेल असं काही देतच नव्हते. ती एक रॅक झपाट्याने घ्यायची, मी एक रडतखडत ओढायचे. चार-चार झालं. शेवटची रॅक उरली.

टेबलावर चारच बॉल राहिले होते: चार, सहा, आठ आणि नऊ. सहा आणि नऊ एकमेकांना असे चिकटले होते की ते सुटे केल्याशिवाय कुणालाही रॅक संपवता आली नसती. मी पांढरा आठच्या मागे लपवला. हेतल कुशनवरून गेली आणि चार नंबर हुकला. फाउल. मी पांढरा हातात घेतला, पण त्या जोडीमुळे घालत सुटण्यात अर्थ नव्हता, म्हणून पुन्हा लपवला, यावेळी जोडीच्या आड. तिने चारला जेमतेम स्पर्श केला, पण कुठलाच बॉल कुशनपर्यंत पोचला नाही. दुसरा फाउल. मी पांढरा पुन्हा उचलला आणि तिसऱ्यांदा लपवताना आठ आणि कड यांच्या फटीत नेऊन असा बसवला की त्याहून चांगली सेफ्टी मी पुढे आयुष्यात फार वेळा लावली नाही.

आता बोलायचं होतं. मला माहीत होतं बोलायचं होतं. पण मी ओठ घट्ट मिटून उभी होते. इतक्या जवळ आलंय, आता उच्चारलं की फिरेल, असं मला खरोखर वाटलं. बुद्धीने नव्हे, अंगाने वाटलं. गर्दीत बसलेल्या काकांकडे मी बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, पण गप्प होते. हेतल खाली वाकली, मारली, आणि पांढरा चारच्या बाजूने निघून गेला. तिसरा फाउल. मी क्यू टेबलाला टेकवली आणि हात पुढे केला. तिनेही गोंधळून केला. आमचे हात भेटायच्या आत तिचे वडील खुर्चीतून उठले आणि त्यांनी पंचांना बोलावलं.

पंच वयस्कर होते आणि अतिशय शांत. त्यांनी मला एवढंच विचारलं, की तिला दोन फाउल झाल्याचं सांगितलं होतं का. हेतल म्हणाली, दुसऱ्या वेळी चारला स्पर्श झाला होता, म्हणून पांढरा द्यावा लागला तरी तो फाउल सलग मोजत नाहीत असं तिला वाटत होतं. ती खोटं बोलत नव्हती. मी म्हणाले, नाही सांगितलं. पंच म्हणाले, मग हा दुसराच. खेळ चालू ठेवा, पांढरा तुमच्या हातात. हॉलमध्ये कुजबुज झाली. मला रडायला येत होतं आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी असंही वाटत होतं, फक्त कुणाच्या ते ठरत नव्हतं. अजूनही मी जिंकू शकत होते. मी पांढरा उचलला, चौथ्यांदा लपवला, यावेळी पुन्हा जोडीच्या आड, आणि सरळ उभी राहून बोलले.

"हेतल, तुझे दोन फाउल आहेत."

आवाज आयने बाजारात हाक मारावी तसा निघाला. मागच्या रांगेतले काही जण हसले. हेतल हसली नाही. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली. खाली बसून बॉलच्या पातळीवर डोळे नेऊन बघितलं. क्यूच्या टोकाला चॉक लावला, पुसला, पुन्हा लावला. आधीचे तिन्ही फटके तिने घाईत मारले होते, हे मला तेव्हा कळलं. तिने पांढरा दोन कुशनवरून फिरवला, तो येऊन चारवर बसला, चार सरकत जाऊन त्या चिकटलेल्या जोडीवर आदळला आणि जोडी फुटली. नऊ कुशनला लागला. कायदेशीर फटका. आता पांढरा अशा ठिकाणी येऊन थांबला होता की चार मलाच दिसत नव्हता. मी कुशनवरून प्रयत्न केला आणि अर्ध्या बोटाने चुकले. तिने पांढरा हातात घेतला आणि चार, सहा, आठ, नऊ एकामागून एक घातले. संघातली जागा तिची झाली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी चांगलं बोलली, ते मला ऐकू आलं नाही.

स्टेशनपर्यंत काका माझ्याबरोबर चालत आले. मी त्यांना विचारलं, तुम्ही पुकारलं का नाही? ते म्हणाले, मी तिथे मार्कर नव्हतो, बघणारा होतो, आणि बघणाऱ्याने बोलायचं नसतं. मी म्हणाले, सांगितलं नसतं तर ती पुन्हा घाईत चुकली असती. ते थांबले. "आणि तोही तिसरा धरला नसता. सुनंदा, लपवायचा तो पांढरा बॉल. फाउल लपवायचे नाहीत. समोरच्याला सांगून, त्याला पुरता सावध करूनही तो चुकला पाहिजे, अशी सेफ्टी लावायची. तुझी लागली नव्हती, एवढंच." मला ते तेव्हा फार लागलं. आज मी मुलींना शिकवते, स्पर्धांना पंच म्हणूनही जाते, आणि दर वेळी कुठल्यातरी टेबलावरून दोन फाउल असा आवाज आला की मी मान वर करून बघते, बोलणारीचा चेहरा कसा आहे ते. बहुतेकींना नियम माहीत असतो. उच्चारायला जड जातं ते वेगळ्याच कशामुळे तरी, आणि प्रत्येकीचं ते वेगळं असतं.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. बा ओटीवर जाळ्याच्या ढिगात बसला होता, आय आत करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, परतत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न वगळता, ओठ मिटून उभी राहिले तेही. बाने ऐकून घेतलं. त्याला नियम कितपत समजला कोण जाणे, पण मी आकडा का बोलले नाही ते त्याला चांगलंच समजलं असावं, कारण त्याने पुढचा बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मग तो म्हणाला, ठरलं तसं. पुनवेपासून बाजारात. त्याच्या आवाजात राग नव्हता. ठरलेली गोष्ट होती, आणि मी मान हलवली होती.

मी आत जाऊन तोंड धुतलं. आयने ताट वाढलं. चार घास खाल्ले आणि उठले. आय म्हणाली, बस, जेव आधी. पण मला ते जेवण झाल्यावर बोलता आलं नसतं, हे मी स्वतःला ओळखते म्हणून सांगते. उष्ट्या हाताने ओटीवर आले.

"बा, पुनवेपासून मी आयबरोबर बाजारात बसेन. पाटी मी उचलेन, तिला उचलू देणार नाही. पण दुपारी बारा ते चार मी वर खेळायला जाणार. हे आधी सांगते. मागून कळलं असं म्हणायला नको."

आत कालथ्याचा आवाज थांबला. बाने सुई जाळ्यात तशीच अडकवून ठेवली.

"आनी मी न्हाय म्हटलं तर?"

"तरी जाईन. म्हणूनच आधी सांगते."

त्याच्यासमोर कुणी असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. माझ्या हाताला करंदीचा मसाला वाळत होता. आता तो उठेल, ओरडेल, निदान आयला तरी हाक मारेल, असं वाटत होतं. मी हलले नाही. त्याला जे करायचं ते त्याने विचार करून करावं, एवढा वेळ मी तिथे उभी राहणार होते. मग त्याने जाळ्याची फाटलेली बाजू माझ्याकडे सरकवली, म्हणजे मी धरावी, आणि खाली बघतच म्हणाला, "दुपारचं गिराईक तसं नसतंच."

मी हात धुऊन आले आणि जाळं धरून बसले.